गोल्डफिश एकमेकांच्या मागे लागतात तेव्हा काय करावं?

सांजसावली
आमच्याकडे तीन फुटी टाकी आहे (लांबी ३, रुंदी दीड, उंची दीड फूट). त्यात चार गोल्डफिश: दोन कॉमेट, एक ओरांडा आणि एक ब्लॅक मूर. आतापर्यंत सगळे गुण्यागोविंदाने राहत होते. फेब्रुवारी सरता सरता लाल-पांढरा कॉमेट मूरच्या हात धुऊन मागे लागलाय. पहाटे उजाडलं की सुरू. शेपटीच्या जवळ, पोटाखाली ढुसण्या मारतो. मूर फिल्टरच्या पाइपमागे दडून बसतो, तर तिथूनही त्याला हुसकावून काढतो. मूरच्या शेपटीची कड फाटून झिरमिळ्या झाल्यात आणि डाव्या बाजूचे दोन-तीन खवले गेलेत.

ज्यांच्याकडून मासे घेतले ते म्हणतात, गोल्डफिश भांडतच नाहीत. मग हे काय आहे? आणि वेगळं करायचं तर कोणाला, मारणाऱ्याला की मार खाणाऱ्याला? घरात यावर दोन तट पडलेत. कृपया ज्यांनी गोल्डफिश पाळलेत त्यांनी सांगा.

वाळ्याचा_पडदा
कॉमेटच्या गालांवर, म्हणजे कल्ल्यांच्या झाकणावर, बारीक पांढरे ठिपके आहेत का? बाकी सगळं नंतर, आधी ते पाहा.

महालकर
पाणी तपासलं का? माशांचं वागणं बदललं की पहिला संशय पाण्यावर घ्यायचा. माशांच्या घाणीतून पाण्यात येणारे अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य पाहिजेत, नायट्रेट ४० पीपीएमच्या खाली. गोल्डफिश फार घाण करतात. त्यांना पोटच नसतं, जठर म्हणतात ते. खाल्लेलं सरळ आतड्यात जातं, म्हणून दिवसभर खात राहतात आणि दिवसभर हगत राहतात. चार मोठे मासे असले की फिल्टरवर ताण येतोच. पाणी बिघडलं की एक चिडचिडा होतो, दुसरा मलूल होतो, आणि मलूल झालेल्याला बाकीचे टोचायला लागतात.

बर्डीचा_बबलू
ताई, काहून इतकं टेन्शन घेऊन राहिल्या? थंडी गेली, ऊन पडाले लागलं, तुमच्या कॉमेटचं लग्नाचं वय झालं आहे. बस, एवढंच होऊन राहिलं तिथं. पत्रिका छापा. :)

सांजसावली
@वाळ्याचा_पडदा, हो! गालांवर ठिपके आहेत. बाजूच्या पुढच्या परांची जी पहिली जाड काडी असते तिच्यावरही एका ओळीत आहेत. आम्हाला वाटलं रोग आहे. पांढऱ्या ठिपक्यांचं औषध आणून ठेवलंय, अजून टाकलेलं नाही.
@महालकर, किट आहे घरी. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट २० आणि ४० च्या मधला रंग येतोय.
@बबलू, :)

वाळ्याचा_पडदा
औषध टाकू नका, बाटली तशीच कपाटात ठेवा. हे नीट सांगतो, कारण नागपुरात दर फेब्रुवारी-मार्चमध्ये कित्येक धडधाकट मासे या गैरसमजापायी औषधात बुडवले जातात.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग म्हणजे इक. त्याचे ठिपके अंगभर, शेपटीवर, परांवर कुठेही विखुरलेले असतात, मिठाचे कण शिंपडल्यासारखे. मासा अंग खड्यांवर घासतो, पर मिटून बसतो. तुमच्या कॉमेटचे ठिपके फक्त कल्ल्यांवर आणि पराच्या पहिल्या काडीवर आहेत, तेही रांगेत. ते प्रजननाचे उंचवटे आहेत, वयात आलेल्या नराला हंगामात येतात. हात लावला तर खरखरीत लागतात. हंगाम सरला की आपोआप जातात. काही नरांना वर्षभर थोडे राहतात, काहींना येतच नाहीत, त्यामुळे ठिपके नाहीत म्हणजे मादीच असं मात्र समजू नका.

आता पाठलागाबद्दल. मादीची अंडी तयार झाली की ती पाण्यात प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन सोडते. नराला त्याचा वास लागतो आणि तो मागे लागतो. पोटाखाली आणि गुदद्वाराजवळ ढुसण्या मारणं म्हणजे अंडी बाहेर काढायचा प्रयत्न. हे बहुतेक पहाटेच चालतं. हिवाळ्याच्या गार पाण्यानंतर तापमान चढायला लागलं की गोल्डफिशचा हंगाम येतो, आणि आपल्याकडे पाणी १६-१७ वरून २४-२५ वर फार झपाट्याने चढतं. तुम्ही सांगितलेली वेळ आणि जागा दोन्ही त्याच्याशी जुळतात. तेव्हा हे वैर नाही. पण वैर नाही म्हणून मूरला त्रास नाही असंही नाही. एकटी मादी आणि मागे लागलेला वेगवान नर, जागा मोजकी, तर मादी दमून मरू शकते.

पाणवनस्पती
मूर मादी आहे हे कशावरून ठरवलं? मादी नसली तर नर नराच्याही मागे लागतात. वरून बघा: मादीचं पोट मागच्या बाजूला गोल आणि एका अंगाला जास्त फुगलेलं दिसतं. नर सडपातळ, त्याचे बाजूचे पर लांब आणि टोकदार. मादीचे आखूड, गोलसर. मूरमध्ये ओळखणं जरा अवघड आहे, अंगच वाटोळं असतं.

सांजसावली
वरून पाहिलं. पोट उजवीकडे जास्त आहे. पर गोलसर वाटतात. म्हणजे मादीच दिसतेय. आम्ही इतके दिवस तिला "काळू" म्हणत होतो.

एक गोष्ट मात्र जुळत नाही. संध्याकाळी खाणं टाकलं की पुन्हा हाकलाहाकली होते, आणि तेव्हा तो ढुसण्या पोटाखाली मारत नाही. समोरून येतो, तोंडावर. ओरांडालाही तसंच करतो.

तलावफळी
हेच मला म्हणायचं होतं. सगळं प्रजननावर ढकलू नका. सकाळचं वेगळं, संध्याकाळचं वेगळं. संध्याकाळचं भांडण जेवणाचं आहे, आणि त्याचं मूळ जोडीत आहे. कॉमेट एकशेपटी, सडपातळ, अंगात प्रचंड जोर. मूर आणि ओरांडा दुशेपटी, गोल अंगाचे, पोहायला संथ. त्यात मूरचे डोळे बाहेर आलेले, तिला नीट दिसत नाही. तिला दाणा सापडेपर्यंत कॉमेटने सगळं संपवलेलं असतं. कॉमेट एक फुटापर्यंत वाढतो, त्याला तीन फुटी टाकी पुरत नाही. हे दोन प्रकार एकत्र ठेवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. दुकानात मात्र सगळे एकाच टाकीत "गोल्डफिश" म्हणून मिळतात आणि कुणी सांगत नाही.

हिशेब करा. एक घनफूट म्हणजे साधारण २८ लिटर. तुमची टाकी पावणेसात घनफूट, म्हणजे काठोकाठ १९० लिटर. खडी आणि वरची रिकामी जागा सोडली की १६०-१६५ उरतात. पहिल्या गोल अंगाच्या माशाला ७५ आणि पुढच्या प्रत्येकाला ४० लिटर असा ठोकताळा आहे. त्या हिशेबात तीन गोल मासेच जेमतेम बसतात, चौघांना १९५ लिटर लागतील. कॉमेट तर हौदातले मासे.

महालकर
तलावफळी यांच्याशी अर्धा सहमत. लिटरचा ठोकताळा ठीक आहे, पण त्याने सगळं सुटत नाही. माझ्याकडे सहा फुटी टाकीत फक्त ओरांडा होते, जागा मुबलक, पाणी उत्तम, मादी-नर दोन्ही भरपूर. तरी त्यातला एक कायम दादागिरी करायचा, हंगाम असो नसो. माशांनाही स्वभाव असतो. त्या एकाला दुसऱ्या टाकीत ठेवलं, मधल्या काळात मुख्य टाकीतले दगड आणि झाडं हलवून जागा बदलल्या आणि मग त्याला परत सोडलं. त्याला जागा नवी वाटली, बाकीचे आधीच स्थिरावलेले. त्यानंतर सुधारला. म्हणून सांजसावली ताई, वेगळं करायचं तर मारणाऱ्याला. मार खाणारीला काढलंत तर तो दुसरं गिऱ्हाईक शोधेल, ओरांडावर येईल.

पाणवनस्पती
इथे मी महालकर काकांच्या विरोधात. मूरला जखम आहे, खवले गेलेत. तिला स्वच्छ, शांत पाण्यात आराम मिळायला हवा. कॉमेटला काढलं तरी दुसरा कॉमेट आहेच, तो नर निघाला तर? ५०-६० लिटरचा टब घ्या, मुख्य टाकीतलंच पाणी भरा, चालू फिल्टरमधला स्पंज त्यात लावा (नवा कोरा लावू नका, त्यात जिवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे जातात), आणि लिटरला १ ग्रॅम या हिशेबाने खडे मीठ आधी वेगळं विरघळवून हळूहळू घाला. शेपटी वाढते परत, पाणी चांगलं असलं की.

महालकर
मुद्दा मान्य, जखम असेल तर तीच टबात. पण ती बरी होऊन परतायच्या आधी त्या कॉमेटची सोय लावायलाच हवी, नाहीतर येरे माझ्या मागल्या.

अजनीची_आजी
माझ्या सुनेने कुणाचं तरी ऐकून घरात नऊ मासे आणले, आठ सोनेरी आणि एक काळा. काळा मासा मेला तर घरावरचं संकट तो घेऊन गेला म्हणतात. दीड फुटाची टाकी हो. संकट कसलं घेऊन जातोय बिचारा, त्याला श्वासच घेता येत नव्हता, सगळे वर येऊन तोंड उघडझाप करत होते. मी नातवाला घेऊन ते मासे शेजारच्या मोठ्या टाकीवाल्यांना देऊन आले. दोनच ठेवले होते, तेही नंतर दिले. ज्यांना वास्तूसाठी मासे पाळायचेत त्यांनी आधी माशांची वास्तू बघावी.

बर्डीचा_बबलू
आजी, एकदम बरोबर. आमच्या गल्लीत तर दर दुकानात काउंटरवर काचेचा भांडा अन् त्यात दोन मासे. रोम शहरानं २००५ मध्येच गोल भांड्यात गोल्डफिश ठेवायला बंदी घातली म्हणे. आपल्याकडे त्या भांड्यावर अगरबत्ती ओवाळून राहिले लोकं.

ऋतुगंध
थोडं विषयांतर, पण टाकीतल्या मारामारीचंच आहे. आमच्या ओरांडाच्या पाठीवर लालसर गोल चट्टे यायचे. आम्हाला वाटायचं दुसरे गोल्डफिश चावतात. रात्री मोबाइलच्या उजेडात पाहिलं तर काच साफ करायला आणलेला "सकर" मासा ओरांडाच्या अंगाला चिकटून त्याच्या अंगावरचा चिकट थर ओरबाडत होता. गोल्डफिश संथ आणि चिकट, सकरला आयतं जेवण. ज्यांच्याकडे दोन्ही एकत्र असतील त्यांनी रात्री एकदा बघाच.

तलावफळी
आणि तो सकर काढून फुटाळा किंवा अंबाझरी तलावात सोडू नका, कळकळीची विनंती. हे दक्षिण अमेरिकेतले मासे देशात कित्येक नद्या-तलावांत पसरलेत आणि कोळ्यांची जाळी फाडतात. गोल्डफिशचंही तेच, सोडायचे नाहीत. नको असेल तर कुणाला तरी द्या.

सांजसावली
आज सगळं करून पाहिलं. मूर टबात आहे, मीठ घातलंय. दडायला जागा शोधत नाहीये, मधोमध तरंगतेय, खाल्लंही. मुख्य टाकीत लाल-पांढरा कॉमेट आता दुसऱ्या कॉमेटच्या मागे आहे, पण तो तितकाच वेगवान असल्यामुळे दोघंही पळतात आणि कुणाला लागत नाही. ओरांडा कोपऱ्यात.

एक विचारायचं राहिलं. आम्ही गेल्या आठवड्यात पाणी बदललं, निम्म्याहून जास्त, नळाचं ताजं. त्याच्या दुसऱ्याच दिवशी पाठलाग वाढला होता. संबंध असेल का?

वाळ्याचा_पडदा
आहे, दाट संबंध आहे. ताजं आणि जरा गार पाणी मोठ्या प्रमाणात घातलं की हंगामातल्या गोल्डफिशला ती अंडी द्यायची खूणच वाटते. पैदास करणारे लोक मुद्दाम तसं करतात. तुम्हाला पैदास नको असेल तर या दोन महिन्यांत एकदम अर्धं बदलू नका. आठवड्यातून दोनदा, दर वेळी पाचवा हिस्सा, टाकीच्या तापमानाचंच. पेंच धरणातून येणारं नळाचं पाणी क्लोरीन मारायला सोडियम थायोसल्फेटचे खडे घालून किंवा चोवीस तास उघडं ठेवून मगच वापरा. बोअरचं असेल तर अजून जपून, आपल्या भागातलं बोअरचं पाणी जड असतं आणि पीएच चढा. चढ्या पीएचला आणि उन्हाळ्यात तोच अमोनिया जास्त विषारी होतो.

रामटेकचा_प्रवासी
उन्हाळ्याचा विषय निघालाच आहे तर: एप्रिल-मेमध्ये तुम्ही लोक टाकी थंड कशी ठेवता? माझ्याकडे गेल्या मेमध्ये पाणी ३३ वर गेलं होतं. मासे एकमेकांच्या अंगावर जाऊन हवेच्या बुडबुड्यांजवळची जागा बळकावत होते. तेही भांडणच की.

महालकर
ते भांडण ऑक्सिजनचं. २० अंशाला पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० ला साडेसात. आणि गरम पाण्यात माशाला लागतो मात्र जास्त. दोन्हीकडून मार.

उपाय नागपूरकरांच्या घरातच आहे. झाकण काढा, वर जाळी बांधा (कॉमेट उडी मारतो, जाळी हवीच) आणि पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका छोटा पंखा सोडा. कूलर ज्या तत्त्वावर चालतो तेच, पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं. मेमध्ये आपली हवा कोरडी ठणठणीत असते, त्यामुळे तीन-चार अंश सहज उतरतात. मुंबईच्या लोकांना हे जमत नाही, आणि आपल्यालाही जुलैत जमत नाही. फक्त पाणी रोज कमी होईल. नुसती भर घालत राहिलात तर क्षार साचत जातात, तेव्हा बदलणं थांबवू नका. बर्फाचे खडे टाकू नका, तापमान हिंदकळतं. लाइट जाते तेव्हासाठी बॅटरीवरचा एअर पंप घरात पाहिजेच.

अजनीची_आजी
टाकी कूलरच्या समोर ठेवली तर?

महालकर
आजी, त्याच खोलीत कूलर असेल तर खोली गार होते म्हणून फायदा आहे. पण त्या ओलसर हवेत टाकीवरचा पंखा कमी काम करतो. खिडकी उघडी ठेवायची, ओल बाहेर गेली पाहिजे.

पाणवनस्पती
धागा उन्हाळ्यावर गेला, छान आहे, पण सांजसावली ताईंच्या संध्याकाळच्या भांडणाचं राहिलं. खाणं दोन जागी टाका. आधी डाव्या टोकाला कॉमेटसाठी तरंगणारं, ते तिकडे धावले की उजव्या कोपऱ्यात बुडणारे दाणे, पाण्यात भिजवून. मूरसाठी प्लास्टिकची नळी पाण्यात उभी धरा आणि दाणे त्यातून खाली सोडा, रोज त्याच कोपऱ्यात. तिला दिसत कमी असलं तरी जागा आणि वास बरोबर लक्षात राहतो, काही दिवसांत नळी पाण्यात गेली की येते. थोडं थोडं करून दिवसातून दोन-तीनदा. अधूनमधून सालं काढलेला उकडलेला मटार, पालक. आणि हायड्रिला (पाण्यात वाढणारं झाड) टाका भरपूर. मासे तो खातात, दिवसभर चरायला मिळालं की जेवणाच्या वेळची झोंबाझोंबी कमी होते, शिवाय दडायला आडोसा.

ऋतुगंध
+१. नळीची युक्ती आमच्या बबल आय गोल्डफिशसाठीही कामी आली.

सांजसावली
ताजी खबर: टबातल्या हायड्रिलाला आज सकाळी बारीक पारदर्शक मोत्यांसारखे मणी चिकटलेत! मोहरीपेक्षा लहान. मूर एकटीच आहे टबात. ही अंडी ना? आता काय करू?

बर्डीचा_बबलू
म्हटलं होतं नं मी! पेढे काढा ताई.

वाळ्याचा_पडदा
अंडीच. नर जवळ नव्हता म्हणून ती फळलेली नसणार, दोन दिवसांत पांढरी पडून बुरशी धरतील. पांढरी दिसली की काढा, नाहीतर टबातलं पाणी बिघडेल. मुख्य टाकीतल्या झाडांवरही शोधा. तिथे असतील तर ती फळलेली असू शकतात, आणि तिथे मोठे मासे ती खाऊन टाकतील. पिल्लं वाढवायची हौस असेल तर ती फांदी वेगळ्या भांड्यात ठेवा, चार-पाच दिवसांत फुटतात. पण विचार करून. एका वेळी शेकडो अंडी असतात आणि पिल्लांना जागा द्यावी लागते. कॉमेट आणि मूरची पिल्लं मिसळीची निघतील.

महत्त्वाचं म्हणजे अंडी पडून गेली, आता तिचं पोट हलकं झालं. पाठलाग सध्या ओसरेल. पण हंगामभर थोड्या थोड्या दिवसांनी पुन्हा होऊ शकतो.

सांजसावली
मुख्य टाकीत एकही नाही. वाढवणार नाही, जागाच नाही. घरातल्या दोन्ही तटांचं एकमत झालंय: मूर आणि ओरांडा ठेवायचे, दोन्ही कॉमेट मोठ्या जागी द्यायचे. मुलगा थोडा नाराज आहे, लाल-पांढरा त्याचा आवडता. कुणाकडे हौद आहे का?

तलावफळी
माझ्याकडे सक्करदऱ्याला अंगणात सिमेंटचा हौद आहे, दोन हजार लिटरचा, वर हिरवी नेट, त्यात कॉमेट आणि त्यांच्यासारखेच एकशेपटी शुबंकिन आहेत. मादी जास्त आहेत, त्यामुळे नर एकीच्याच मागे लागत नाहीत. दोघंही आणा, मुलालाही आणा, त्याला हवं तेव्हा येऊन बघू दे. व्यक्तिगत निरोपात पत्ता पाठवतो.

सांजसावली
खूप खूप आभार! रविवारी सकाळी आणलं तर चालेल? नेताना काय काळजी घ्यायची?

तलावफळी
सकाळी आठच्या आत निघा, नंतर ऊन चढतं. शनिवारी दोघांना खाऊ घालू नका, रिकाम्या पोटी नेले की पिशवीतलं पाणी घाण होत नाही. दोघांना दोन पिशव्या, एकात नको, वाटेत ढुसण्या सुरू होतील. पिशवीत एक तृतीयांश पाणी, बाकी हवा, आणि वरून कापडी पिशवी, अंधारात शांत राहतात. इथे पोचल्यावर मी आधी त्यांना वेगळ्या टाकीत ठेवणार आहे दोन-तीन आठवडे, रोग नाही ना बघायला, मग हौदात. झाकणाचा एक मोठा डबाही सोबत ठेवा, कॉमेटच्या पराची काडी पिशवीला भोक पाडते कधी कधी.